सुकरीबाईंचं इमिग्रेशन

"मॅडम, तुम्ही बोलू नका. मी त्यांना विचारतोय."

मुंबई विमानतळावरच्या इमिग्रेशन काउंटरवरचा तरुण अधिकारी मला हे दुसऱ्यांदा सांगत होता. तिसऱ्यांदा त्याने सांगितलं नाही. नुसता हात करून मला जमिनीवरच्या पिवळ्या पट्टीमागे उभं केलं.

माझ्याबरोबर तिघी होत्या. वनिता, जानकी आणि सुकरीबाई. त्याने आधी वनिताला विचारलं, कशासाठी जाताय? वनिता म्हणाली, "वुई आर गोइंग फॉर ग्राफ्टिंग डेमॉन्स्ट्रेशन, फॉर फाइव्ह डेज. अवर स्टे इज अरेंज्ड. वुई हॅव रिटर्न तिकिट्स."

मला बरं वाटलं. एकही शब्द चुकला नव्हता.

मग त्याने जानकीला विचारलं. तिनेही हेच सांगितलं. मग सुकरीबाईंना विचारलं. त्यांनीही हेच सांगितलं. तेच शब्द, तोच क्रम, 'फाइव्ह डेज'नंतर घ्यायचा तोच श्वास.

अधिकाऱ्याने पेन खाली ठेवलं आणि विचारलं, "किसने सिखाया?"

तिघींनी एकदम माझ्याकडे पाहिलं.

डहाणू रोडला स्टेशनपासून चार मिनिटांवर माझी ट्रॅव्हल एजन्सी आहे. एकोणीस वर्षं झाली. दोन टेबलं, एक प्रिंटर आणि भिंतीवर जगाचा नकाशा. बंदरावरच्या घरांतली मुलं बोटीवर किंवा आखातात कामाला जातात, बागायतदार मंडळी दिवाळीत बँकॉक-सिंगापूरला जातात, कुणाच्या आईला मुलीच्या बाळंतपणासाठी कॅनडाला जायचं असतं. सगळ्यांचे फॉर्म मी भरते. लोकांना वाटतं मी तिकिटं विकते. तिकिटं आता मोबाइलवर मिळतात. माझ्याकडे लोक येतात ते विमानतळावर अडकू नये म्हणून. आणि माझ्या हातून गेलेलं माणूस तोवर कधी अडकलं नव्हतं, हे मी सगळ्यांना सांगत असे.

घोलवडच्या बिपिनशेठांची चिकूची नर्सरी आहे. ते एके दिवशी पत्र घेऊन आले. मलेशियातल्या चिकू बागायतदारांच्या एका संस्थेचं पत्र होतं. त्या लोकांनी कलमं करायला घेतली होती आणि ती जगत नव्हती. इंटरनेटवर त्यांनी घोलवडच्या कलमांबद्दल वाचलं आणि शेठांना लिहिलं: तुमचे कलम करणारे कारागीर पाच दिवसांसाठी पाठवाल का? येणं-जाणं, राहणं-खाणं आमचं. तिकडच्या सरकारची परवानगीही त्यांनीच काढून पाठवली होती.

"जुओ प्रतिभाबेन," शेठ म्हणाले, "मी गेलो तर भाषण करीन. कलम मला येत नाही. माझ्याकडे कलम तीन बायकांना येतं. त्यांना घेऊन जा."

"मी?"

"तुम्ही सोबत पाहिजे. त्या या भागाच्या बाहेर फक्त वापीला गेल्यात."

तिघी तलासरीकडच्या एकाच पाड्यावरच्या. रोज जीपने घोलवडला कामाला येतात. वनिता बारावी झालेली. जानकी चौथीपर्यंत शिकलेली. सुकरीबाई शाळेत गेलेल्याच नाहीत. पण नर्सरीत कुणालाही विचारा, सुकरीबाईंनी बांधलेलं कलम वाया गेलं असं झालेलं नाही. वीस-बावीस वर्षं त्या हेच काम करतायत. वय सेहेचाळीस. निदान आधार कार्डावर तरी. जन्मतारीख एक जानेवारी. जानकीचीही एक जानेवारी. ज्यांची तारीख कुणी लिहून ठेवलेली नसते, ते सगळे कागदावर एक जानेवारीला जन्मतात.

इथे एक गोष्ट समजावून सांगायला हवी, कारण सगळी भानगड तिच्यामुळेच झाली. आपल्या पासपोर्टात दोन प्रकार असतात. दहावी पास असाल तर साधा पासपोर्ट मिळतो. दहावी नसाल तर आतल्या पानावर एक शिक्का येतो, 'एमिग्रेशन चेक रिक्वायर्ड', म्हणजे देश सोडण्याआधी तपासणी हवी. आमच्या धंद्यात सगळे त्याला ईसीआर म्हणतात. आखातातले देश, मलेशिया, थायलंड असे काही देश ठरलेले आहेत. ईसीआरवाला माणूस तिथे नोकरीला निघाला तर त्याला सरकारची वेगळी मंजुरी लागते. न शिकलेल्या माणसाला फसवून नेऊ नये, म्हणून हा नियम. फिरायला किंवा भेटीला जायला मंजुरी लागत नाही. पण तुम्ही नोकरीला जात नाही आहात, हे काउंटरवरच्या माणसाला पटवून द्यावं लागतं.

वनिताचा पासपोर्ट साधा आला. जानकी आणि सुकरीबाईंचा ईसीआर.

पासपोर्ट आले तसा पाड्यावर गोंधळ सुरू झाला. मला तिथे जावं लागलं. जानकीच्या अंगणात वीसेक माणसं जमली होती. सुकरीबाईंचा मोठा भाऊ कडेला बसला होता. त्याने मला एकच विचारलं.

"नेताय ती परत आणणार कशावरून?"

मी फाइल उघडली. "हे बघा दादा, रिटर्न तिकीट."

त्याने तिकीट हातात घेतलं, उलटंसुलटं पाहिलं आणि परत दिलं. "गेल्या साली आमची एक पोर सुरतेला कामाला नेली. तिचं पण तिकीट होतं."

"ती आली नाही?"

"आली. आठ महिन्यांनी, आजारी होऊन."

यावर माझ्याकडे कागद नव्हता. मी म्हटलं, मी स्वतः जातेय, मी स्वतः आणीन. तेव्हा सुकरीबाई पहिल्यांदा बोलल्या. "मी पोर आहे काय? मना कोण ठेवून घेल?" सगळे हसले आणि बैठक उठली. पण भाऊ हसला नाही, ते मी पाहिलं.

त्यामुळे मी तयारी जरा जास्तच केली. तीन आठवडे, दर रविवारी, माझ्या ऑफिसात.

परदेशी निघालेल्या कुणालाही मी जे सांगते, तेच त्यांना सांगितलं. पासपोर्टची एक झेरॉक्स बॅगेत, एक कपड्यांत, फोटो मोबाइलमध्ये. पासपोर्ट कुणी कितीही प्रेमाने 'सांभाळायला' मागितला तरी द्यायचा नाही. दुसऱ्याचं पार्सल घ्यायचं नाही, मग तो मामाचा मुलगा असला तरी. रोजच्या गोळ्या मूळ पाकिटात आणि डॉक्टरच्या चिठ्ठीसकट. राहायच्या जागेचा पत्ता आणि फोन लिहिलेला एक कागद कायम गळ्यातल्या पाकिटात. हरवलात तर हलायचं नाही, उभं राहायचं, मी येईन. मलेशियाला जाण्याआधी तीन दिवसांत एक फॉर्म ऑनलाइन भरावा लागतो, तो लोक हमखास विसरतात. मी सगळ्यांचे भरले.

कलमाचे चाकू विमानात जवळ ठेवता येत नाहीत. ते मी मोठ्या बॅगेत घालायला लावले. त्यावर सुकरीबाई नाराज झाल्या. त्यांचा चाकू त्या कुणाच्या हातात देत नाहीत. "बॅग हरवली तर?" म्हणाल्या. मी म्हटलं, तर तिथे नवा घेऊ. त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, की पुन्हा नव्या चाकूचं नाव मी काढलं नाही.

त्यांना आपल्याकडच्या कालीपत्ती जातीच्या चिकूच्या फांद्याही न्यायच्या होत्या. ओल्या फडक्यात गुंडाळून. मी साफ नाही म्हटलं. झाड, फांदी, बी, माती परवानगीशिवाय दुसऱ्या देशात नेता येत नाही. झाडाबरोबर कीड जाते, म्हणून विमानतळावर त्याची वेगळी तपासणी असते. चपलांना चिकटलेली नर्सरीची मातीसुद्धा मी ब्रशने घासून काढायला लावली. जानकीला सुक्या बोंबलाची चटणी न्यायची होती. तिला म्हटलं, न्यायची तर तिथे उतरल्यावर विचारायच्या आधी आपण सांगायचं, हे आणलंय म्हणून. लपवायचं नाही. ती म्हणाली, मग नकोच, पाच दिवस काढीन.

सरकत्या जिन्याची भीती होती. म्हणून एका रविवारी तिघींना गुजरातेत, वापीच्या मॉलमध्ये नेलं. परदेशाच्या तयारीसाठी परराज्य. जानकी पहिल्याच फटक्यात चढली. वनिता मोबाइलवर व्हिडिओ काढत चढली. सुकरीबाई खाली उभ्या राहून पाच मिनिटं पायऱ्या कशा येतात ते बघत राहिल्या. मग पदर खोचला आणि अशा चढल्या, जणू रोज चढतात. उतरून म्हणाल्या, "बघितला की येतो."

आणि मग ती वाक्यं. मी एका पुठ्ठ्यावर मराठी अक्षरांत इंग्रजी वाक्यं लिहिली आणि पाठ करून घेतली. वनिता घरी दोघींना म्हणायला लावायची. सुकरीबाई एकदा म्हणाल्याही, "बाय, मना इंग्रजी कशाला? मी शेठशी गुजराती बोलते, तुमच्याशी मराठी बोलते, घरी आमचं बोलते. आणि किती?"

"साहेबाने इंग्रजीत विचारलं तर?"

"त्याला मराठी नसेल येत?"

मी म्हटलं, पाठ करा हो, कामाला येईल. त्यांनी पाठ केलं. हाती घेतलेलं काम अर्धवट सोडायची त्यांना सवय नाही.

तर ते असं कामाला आलं.

तरुण अधिकाऱ्याने तिघींचे पासपोर्ट उचलले आणि आम्हाला बाजूच्या केबिनकडे नेलं. वनिताला तो म्हणाला, "आप जा सकती हैं." वनिता म्हणाली, "सुकरीमावशी जाईल तेव्हा जाईन." आणि बाहेरच्या बाकावर जानकीशेजारी बसली. मी घड्याळ पाहिलं. दुपारची फ्लाइट. गेट बंद व्हायला पन्नास मिनिटं होती.

आमच्या धंद्यात एक शब्द आहे, ऑफलोड. तिकीट असतं, बोर्डिंग पास असतो, सामान विमानात चढलेलं असतं, पण इमिग्रेशन माणसाला जाऊ देत नाही. मग सामान उतरवतात आणि माणूस घरी परततो. याची नोंद राहते. पुढच्या वेळी तोच पासपोर्ट दाखवला की पहिला प्रश्न तोच येतो. माझ्यासाठी ते बदनामीचं होतं. पण मला सारखा दिसत होता तो सुकरीबाईंचा भाऊ. आज संध्याकाळी या तिघी जीपमधून पाड्यावर उतरल्या, तर तो काय म्हणेल ते मला पाठ होतं. सरकारनेच पकडलं, म्हणजे ही बाई यांना विकायलाच नेत होती. त्यानंतर त्या पाड्यावरून एकही बाई पुढची वीस वर्षं कुठे गेली नसती.

केबिनमध्ये एक वरिष्ठ अधिकारी बाई होत्या. पन्नाशीच्या, चष्मा, बोलणं साताऱ्याकडचं. मी माझी निळी फाइल त्यांच्यापुढे ठेवली. निमंत्रण, परवानगी, परतीची तिकिटं, राहायची जागा, विमा, नर्सरीचं पत्र. प्रत्येक कागदाला चिठ्ठी लावलेली. त्यांनी एकेक पान नीट पाहिलं.

"फाइल उत्तम आहे," त्या म्हणाल्या.

"थँक यू, मॅडम."

"मी कौतुक नाही करत. अशाच उत्तम फायली घेऊन बायका इथून जातात. सोबत एक शिकलेली मॅडम असते. सगळ्यांची उत्तरं सारखी असतात. तिकडे उतरल्यावर पासपोर्ट काढून घेतात आणि कुणाच्या तरी घरी भांडी घासायला ठेवतात. तुम्ही माझ्या जागी असतात तर काय केलं असतंत?"

त्यांच्या जागी मी असते तर मीही हेच केलं असतं.

"तुम्ही तिकडे भिंतीकडे तोंड करून बसा. त्यांच्याकडे बघायचं नाही. खोकायचं पण नाही."

मी बसले. समोर भिंतीवर आग लागल्यास काय करावं याच्या सूचना होत्या. त्या मी तीनदा वाचल्या. सुकरीबाईंना आत बोलावलं. जे झालं ते मी नुसतं ऐकलं. पाहिलं ते अगदी शेवटी.

"नाव?"

"सुकरी."

"कुठे चाललात?"

सुकरीबाईंनी सुरुवात केली, "वुई आर गोइंग फॉर..."

"ते नको. मराठीत सांगा."

तीन आठवड्यांत मी या बाईंना एकदाही मराठीत विचारलं नव्हतं, की तुम्ही कशाला जाताय. मला माहीत होतं, म्हणून मी विचारलंच नव्हतं.

"मराठीत कसा सांगू?"

"घरी कसं सांगितलंत?"

"घरी सांगितलं, तिकडं पण चिकू आहे. त्यांची कलमं मरतात. का मरतात ते बघून येते."

"तुम्हाला बघून कळेल?"

"हात लावला तर कळेल. इथनं कसा कळेल?"

खुर्ची सरकल्याचा आवाज आला. बाई पुढे वाकल्या असाव्यात.

"कलम म्हणजे काय करता?"

आणि सुकरीबाई बोलायला लागल्या. माझ्या ऑफिसात त्या कधी चार वाक्यांपुढे गेल्या नव्हत्या.

"खाली रायण लावायची. रायण रानातली, लय दणकट. पण तिचं फळ बारकं. चिकूचं फळ मोठं, पण मूळ तसं नाय. म्हणून खाली रायण, वर चिकू. रायणीचं रोप कुंडीत असतं. कुंडी घेऊन चिकूच्या झाडापाशी जायचं. झाडाला माळा बांधलेला असतो, त्याच्यावर कुंडी ठेवायची. आपण पण वरच बसायचं. रायणीची साल तासायची, चिकूच्या फांदीची पण तासायची. तेवढीच, कमी नाय, जास्त नाय. मग एकमेकाला टेकवायची नि बांधायची. भेटकलम म्हणतात."

"आणि मग?"

"मग वाट बघायची. अडीच महिने, तीन महिने. दोघं एक झाली की फांदी कापायची. घाई नाय करायची."

"घाई केली तर?"

"मरतं."

मग अधिकारी बाईंचा आवाज जरा कडक झाला.

"तिकडे पगार किती देणार?"

"पगार नाय. खायला देणार. माझी मजुरी शेठच देल, इथली."

"आणि तिथे कुणी म्हणालं, राहा इथेच, घरकाम कर, शेठपेक्षा जास्त देतो, तर?"

याचं उत्तर मी पुठ्ठ्यावर लिहून दिलं होतं. 'वुई हॅव रिटर्न तिकिट्स.' मी डोळे मिटले.

"मी कशी राहीन?" सुकरीबाईंना राग आला होता, आवाजावरून कळलं. "माझी कलमं माळ्यावर बांधलेली आहेत. महिना झाला. अजून दोन महिन्यांनी कापायची. शेठ म्हणाला, तू तिकडं गेली तर रोजचं पाणी दुसऱ्याला सांगतो. मी म्हटलं, पाणी घाल, पण कापायला कोणी हात लावायचा नाय. ती मीच कापणार. मी नाय आले तर कापणार कोण? तुम्ही?"

केबिनच्या दारात उभा असलेला तरुण अधिकारी फसकन हसला आणि लगेच गप्प झाला.

"इथे करून दाखवाल?" बाई म्हणाल्या.

"चाकू मोठ्या बॅगेत आहे. मॅडमनी जवळ ठेवू दिला नाय."

"बरोबर केलं त्यांनी. कागदाचं करून दाखवा."

कागद गुंडाळल्याचा आवाज आला. मग फाडल्याचा. मला राहवलं नाही. मी मान वळवली. मला कुणी ओरडलं नाही, कारण माझ्याकडे कुणाचंच लक्ष नव्हतं. सुकरीबाईंनी दोन कागदांच्या घट्ट सुरळ्या केल्या होत्या. दोन्हींची एकेक बाजू नखाने तासल्यासारखी सोलून काढली होती. सोललेल्या बाजू एकमेकींना टेकवल्या. टेबलावरच्या फाइलची नाडी ओढून घेतली, विचारलं नाही. तिचं एक टोक दातात धरलं आणि वेढे घालायला सुरुवात केली. बोटं इतक्या वेगाने फिरत होती, की वेढे मोजता येत नव्हते. गाठ मारून त्यांनी ते टेबलावर ठेवलं.

"ओढा," त्या म्हणाल्या.

अधिकारी बाईंनी ओढलं. सुटलं नाही. तरुण अधिकाऱ्याने घेतलं, जोर लावून ओढलं. कागद फाटला, जोड सुटला नाही.

बाईंनी सुकरीबाईंचा डावा हात धरून उताणा केला. अंगठ्यावर, पहिल्या बोटावर जुन्या चिरांच्या पांढऱ्या रेघा होत्या. एकीवर दुसरी. भांडी घासणाऱ्या हाताला तशा रेघा पडत नाहीत. अधिकारी बाईंनी फोन उचलला आणि निमंत्रणाच्या पत्रावरचा मलेशियाचा नंबर लावला. तुम्ही कुणाची वाट बघताय, एवढंच इंग्रजीत विचारलं. पलीकडच्या माणसाने तिघींची नावं सांगितली. सुकरीचा उच्चार चुकला, पण सांगितलं.

मग त्यांनी तीनही पासपोर्ट तरुण अधिकाऱ्याकडे दिले. "स्टॅम्प कर. यांची फ्लाइट आहे."

मी उठले. "मॅडम, चूक माझी झाली. मी पाठ करून घेतलं."

"फाइल अशीच करत जा," त्या म्हणाल्या. "पण खरं बोलणाऱ्या माणसांना खोटं बोलणाऱ्यांसारखं बोलायला का शिकवता?"

गेट बंद व्हायला तेरा मिनिटं होती. आम्ही पळालो. वाटेत सपाट सरकता पट्टा आला. त्याची प्रॅक्टिस मी करून घेतली नव्हती, वापीत तो नाही. सुकरीबाई त्याच्यावरून माझ्या पुढे धावत गेल्या.

विमानात बसल्यावर मी त्यांना म्हटलं, "छान बोललात."

"काय छान? त्या बाईला काहीच ठावं नव्हतं. सगळं पहिल्यापासून सांगावं लागलं."

क्वालालंपूरला उतरलो. पुन्हा रांग, पुन्हा काउंटर. या वेळी मी कुणाला काही सांगितलं नाही, फक्त निमंत्रणाचं पत्र सुकरीबाईंच्या हातात दिलं. तिथल्या अधिकाऱ्याने विचारलं. प्रश्न त्यांना कळला नाही, पण काय विचारलं असेल ते कळलं. त्या म्हणाल्या, "चिकू."

तो म्हणाला, "चिकू?"

त्यांच्या भाषेतही चिकूला चिकूच म्हणतात. हे मला माहीत नव्हतं, एकोणीस वर्षं लोकांना मलेशियाला पाठवूनसुद्धा. त्याने पत्र वाचलं, हसला आणि शिक्का मारला. सुकरीबाई मागे वळून मला म्हणाल्या, "याला येतंय की मराठी."

बागेत पहिल्या दिवशी सुकरीबाईंनी कलमाला हात लावला नाही. त्या लोकांना करायला सांगितलं आणि मांडी घालून बघत बसल्या. तिथले सगळे शिकलेले लोक, हातमोजे घातलेले. त्यांनी व्यवस्थित काप घेतला, व्यवस्थित बांधलं. दोन-तीन कलमं झाल्यावर सुकरीबाईंनी एकाचा हात धरला आणि त्याचा काप त्याच्याच डोळ्यांपुढे नेला. चिकूची फांदी कापली की पांढरा चीक येतो. तो चीक वाळून दोघांच्या मध्ये पडदा होतो. मग वर कितीही घट्ट बांधा, आत भेट होत नाही. ते लोक चीक पुसत नव्हते. त्यांच्या पुस्तकात ती पायरी असेलही, पण घाईत गळली होती. सुकरीबाईंनी ओलं फडकं मागवलं, काप पुसला, थांबल्या, पुन्हा पुसला, मग टेकवला. वनिताने मोडक्यातोडक्या इंग्रजीत समजावलं. पाठ केलेलं एकही वाक्य तिला लागलं नाही.

दुसऱ्या दिवशी बायका-पुरुष मिळून तीस जण रांगेने बसले होते आणि सुकरीबाई त्यांच्यामधून फिरत होत्या. कुणाचं चुकलं की त्याच्या हाताच्या मागे हलकेच चापट मारायच्या. तिथल्या संस्थेच्या अध्यक्षांनाही एक बसली. जानकी त्यांच्या मागून फडकं घेऊन फिरत होती. मी सावलीत खुर्चीवर बसून होते. मला दुसरं कामच नव्हतं. इतक्या वर्षांत इतकी माणसं परदेशी पाठवली, पण आपल्या माणसाला तिकडचे लोक असं हात जोडून विचारतायत, हे मी पहिल्यांदा पाहिलं. डोळ्यांत पाणी आलं. उकाडाही फार होता.

परतताना जीप पाड्यावर थांबली तेव्हा सुकरीबाईंचा भाऊ रस्त्यावर येऊन उभा होता. किती वेळ उभा होता कोण जाणे. त्याने तिघींना उतरताना पाहिलं. बहिणीच्या हातातली बॅग घेतली आणि चालू लागला.

साडेतीन महिन्यांनी मलेशियाहून शेठांच्या फोनवर फोटो आले. रांगेने कुंड्या, प्रत्येकीत रायणीवर चिकूचं पान फुटलेलं. पाठोपाठ दुसरं पत्रही आलं. पुढच्या वर्षी पुन्हा या. पहिल्या पत्रात 'तुमचे कारागीर' लिहिलं होतं. या पत्रात सुकरीबाईंचं नाव होतं, नावामागे 'मास्टर' लावून. शेठांनी त्याची झेरॉक्स काढून नर्सरीच्या ऑफिसात लावली. मीही एक माझ्या ऑफिसात लावली, जगाच्या नकाशाशेजारी. गिऱ्हाईक विचारतं, हे काय? मग मी हे सगळं सांगते.

आता कुणी मला विचारलं, "मॅडम, इमिग्रेशनला काय बोलायचं?" तर मी पुठ्ठा काढत नाही. मी त्यांनाच विचारते, तुम्ही कशाला चाललाय आणि मागे काय ठेवून चाललाय? ते सांगतात. मी म्हणते, हेच सांगा, ज्या भाषेत आत्ता सांगितलंत त्याच भाषेत. समजलं नाही तर ते लोक समजणारा माणूस बोलावतील, ते त्यांचं काम आहे. कागद पूर्ण ठेवा, क्रमाने लावा, परतीचं तिकीट छापून घ्या. ते माझं काम आहे, मी चोख करते. उत्तर मात्र माझ्याकडे मागू नका. ते मी देऊन बघितलंय.